गाऱ्हाण्यात दुरुस्ती

आमच्या चीफना बसून जेवताना मी एकदाच पाहिलं. ते गेल्याचं त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही आलंच नाही. आला तो एक बाक आणि त्या बाकावर टेकलेले चीफ. रडता रडता मला हसू आलं आणि मग हसले म्हणून भीती वाटली. मला भीती कशाचीही वाटते. हे लिहायचीही वाटते आहे, कारण शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. पण वहिनी म्हणाल्या, "लिव गो. फकत खरा लिव. नायतर ते थयसून पण खोड काढतले."

खोड काढणं हा चीफचा श्वास होता.

नाव जयवंत तांडेल, गाव तारकर्ली. सगळी उमर मालवाहू बोटींवर स्वयंपाकी, शेवटी शेवटी चीफ कुक. गावात जयवंत पुष्कळ होते, चीफ एकच. समुद्र सोडून बरीच वर्षं झाली तरी चालताना पाय फाकवून चालायचे, जणू तारकर्लीची वाळू कधीही डाव्या बाजूला कलंडेल. जग फिरलेला माणूस म्हणून गावात मान होता, पण त्यांनी जग पाहिलं ते बंदरावरच्या भाजीवाल्याच्या टोपलीतून. सिंगापूर म्हटलं की ओलं आलं. रॉटरडॅम म्हटलं की कांदा. पुण्याच्या एका पाहुणीनं एकदा मोठ्या कौतुकानं विचारलं, "काका, एवढं जग पाहिलंत, सगळ्यांत सुंदर काय वाटलं?" चीफनी खूप विचार केला आणि म्हणाले, "ब्राझीलचो बटाटो." तिला वाटलं, थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते.

मी त्यांच्याकडे आले ती नवऱ्यामागून. नवरा चिऱ्याचं काम करणारा गवंडी. चीफना समुद्राकाठी हॉटेल बांधायचं होतं, त्या कामावर तो लागला आणि आम्ही हिंगोलीहून थेट तारकर्लीत. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी मी वहिनींना विचारलं की हे पाणी रात्रीचं घरात येतं का. वहिनी हसून बेजार. चीफ मात्र हसले नाहीत.

"खंयची गो तू?"

"हिंगोलीची."

"सैपाक येता?"

"भाकरी येते. पिठलं येतं. मासे नाही येत."

"बरा. म्हंजे चुकीचा शिकलंस नाय. ये आत, हिंगोली."

एवढ्यावर माझं बारसं झालं. शोभा हे नाव मी आधारकार्डापुरतं ठेवलं.

'आत' म्हणजे स्वयंपाकघरात. हॉटेलात पहिली काय वस्तू बांधली असेल तर स्वयंपाकघर, आणि ते बांधलं होतं अगदी बोटीवरच्यासारखं. उंबरठा एवढा उंच, की नवीन माणूस हटकून अडखळायचा. बोटीवर लाटेचं पाणी आत येऊ नये म्हणून तसा असतो म्हणे. फळ्यांना कडेनं लोखंडी कठडे, म्हणजे बोट हलली तर टोप घसरू नयेत. माझा नवरा बिचारा विचारायचा, "चीफ, ही बोट कुठं हलणार आहे?" चीफ म्हणायचे, "तू बांध रे. हलली तर माका सांगूक ये." मग एक भिंत पाडून परत बांधली, कारण फोडणीचा धूर चुकीच्या बाजूनं जात होता. मग चूल फिरवली. असं करता करता पैसा आणि हौस दोन्ही स्वयंपाकघरातच मुरले आणि खोल्या झाल्या तीन. बाकीच्यांची जोती नुसती मांडून राहिली. त्यांच्यावर वाडीतली पोरं क्रिकेट खेळायची आणि वहिनी बांगडे सुकत घालायच्या.

तीन खोल्या म्हणजे वाईट नव्हतं. पण चीफनी देवासमोर पंधरा कबूल केल्या होत्या.

कोकणातली ही रीत मला इथंच कळली. आमच्याकडं माणूस देवाला मनातल्या मनात मागतो. मिळालं नाही तर देव आणि तो, तिसऱ्याला पत्ता नाही. इथं गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी हातात नारळ धरून, तुमचं मागणं सगळ्यांच्या देखत खड्या आवाजात देवाला सांगतो, आणि वाक्यावाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून साक्ष देतात. आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचे दाजी. वाळलेल्या कोकमासारखा सुरकुतलेला म्हातारा, जिभेलाही तीच चव.

पायाभरणीच्या दिवशी काय झालं ते वहिनी मला इतक्या वेळा रंगवून सांगायच्या की मी तिथं होते असंच मला वाटतं. दाजींनी नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुजो लेकरू बोटीयेरसून परत इलो हा... त्येच्या मनात हॉटेल घालूचा आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ता सुखरूप उभा रवांदे..."

"व्हय म्हाराजा!"

इथं थांबलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण शेजारीच चुलतभाऊ गजा उभा होता, बारा खोल्यांच्या लॉजचा मालक, नवा शर्ट घालून. चीफना काय चढलं कोण जाणे, ते मधेच ओरडले, "पंधरा खोल्यो उभ्यो रवल्याशिवाय मी बसान जेवचंय नाय!"

लोक सवयीत होते. "व्हय म्हाराजा!" आणि दाजींनी नारळ फोडला.

"माका थयच घाम फुटलो," वहिनी सांगायच्या. "मी म्हटलंय, दाजीनू, ह्या शेवटचा धरू नकात. दाजी म्हणता कसो, नारळ फुटलो. आता माझ्या हातात काय नाय."

तेव्हापासून चीफ उभ्यानं जेवायचे. ओट्याला कंबर टेकून, एका हातात ताट. वहिनी समोर पाट मांडून ऐसपैस बसायच्या, सावकाश काटे काढत. वर म्हणायच्या, "गाऱ्हाणा तुमचा, माझा नाय." गजाच्या मुलीच्या लग्नात सगळा मांडव पंगतीला बसला आणि चीफ ताट घेऊन खांबाला टेकून उभे. वरपक्षाच्या माणसांना वाटलं, हा वाढपी आहे आणि काम सोडून खातोय. "ओ, भात आणा इकडं!" एकानं दटावलं. चीफनी ताट खांबाशी ठेवलं, भाताचं घमेलं उचललं आणि अख्ख्या पंगतीला वाढून आले. परत येऊन मला म्हणाले, "भात वायंच चिकट झालो हा. पाणी मापान घालूक नाय."

मापाचं म्हणाल तर चीफना एकच माप ठाऊक होतं, बोटीवरच्या पंचवीस खलाशांचं. त्याहून कमी त्यांना करताच यायचं नाही. खोल्यांमध्ये दोन पाहुणे असोत की नवरा-बायको आणि तान्हं पोर असो, टोप चढायचा तो पंचवीस जणांचा. चीफ पितळी घंटा वाजवायचे आणि वाडीला कळायचं की जेवण तयार आहे. म्हातारे यायचे, रापणीचं जाळं ओढून दमलेले यायचे, शाळेतून सुटलेली पोरं यायची. मी घाबरून विचारलं होतं, "चीफ, थोडं कमी नाही का करता येणार?" ते म्हणाले, "केलंय एकदा. चार माणसांचा केलंय. चव उतरना नाय. टोपाक एकटा वाटता."

मी त्यांच्या हाताखाली मासे शिकले. पापलेटापासून सुरुवात नाही. सुरुवात तारल्यांपासून, कारण हा मासा स्वस्त, बिघडला तर जिवाला लागत नाही. चव घ्यायची त्यांची एक तऱ्हा होती. लांब दांड्याच्या चमच्यानं थेंबभर रस्सा तळहातावर, मग जिभेवर, मग नजर छपराकडे. तेवढा वेळ माझं काळीज कुठं असायचं कोण जाणे. मग निकाल. "सोलां वायंच उशिरा घातलंस." "तिरफळां कुटलंस? कुटूची नाय गो, नुसती दाबूची." "खोबरा घाईत वाटलंस. घो येतलो म्हणान?" सगळ्यांत मोठी शाबासकी म्हणजे "चलात," चालेल. वर्षभरात एखादंच 'चलात' मिळायचं, तेवढ्यावर मी वर्ष काढायची. पण त्या माणसानं मला एकदाही म्हटलं नाही की तुला येणार नाही. शाळेत ते रोज ऐकलेल्या माणसाला हे केवढं असतं, ते शिकलेल्यांना सांगून कळायचं नाही.

आणि गजा. हा गजा रोज दुपारी जेवायला आमच्याकडे यायचा. स्वतःच्या लॉजमध्ये आचारी ठेवलेला, तरी. उंबरठ्याला अडखळून, शिव्या घालून, पाटावर बसायचा. एकदा चीफ उभ्यानं घास घेता घेता एक गुडघा चोळत होते. पाहून गजा म्हणाला, "अरे, कित्याक त्या पंधरा खोल्यांक धरान बसलंस?"

"बसूक खंय मिळता?" चीफ म्हणाले.

"नाय, मी खरा विचारतंय. पंधरा झाल्यो, तर तू काय करतलंस? माझ्यासारखो काउंटरार. चादरी धुयल्यो काय, पाणी इला काय, खयच्या खोलयेतला गिऱ्हाईक बोंब मारता. मी दिवसभर ताच करतंय मरे. मगे माका सांग, दुपारी मी जेवूक खंय जावचा?"

चीफनी गुडघा चोळायचा थांबवला. घास तोंडात तसाच. मी ताकाचं भांडं घेऊन उभी होते, मला वाटलं आता भांडण होतंय. पण चीफ नुसते फळीवरच्या कठड्याकडे बघत राहिले. संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून ते दाजींकडे निघाले आणि वहिनींनी मला सोबत पिटाळलं. "जा गो. एकटे गेले तर आनी काय तरी कबूल करून येतले."

दाजी अंगणात सुपाऱ्या सोलत होते.

"दाजीनू, गाऱ्हाणा मागे घेवचा आसा."

"मागे घेवक येणा नाय. बदलूक येता. पंधरा खोल्यो नको तर काय व्हया, ता सांग."

"तीन झाल्यो. तीनच रवांदेत."

"देवाकडे घासाघीस करतंस? बाजारात इलंस?"

चीफनी डोकं खाजवलं. "मगे... समाधान दी म्हणान सांगा."

"समाधान!" दाजींनी सुपारी खाली ठेवली. "ता दिसता कसा? लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणूचा, म्हंजे उद्या डोळ्यांक दिसाक होया, झाला काय नाय झाला ता. समाधान तुझ्या पोटात. आमी काय पोटात घुसान बघूचा?"

"गिऱ्हाईक खुश होवन जावंदेत."

"ते गजाकडसून पण खुश होवन जातत."

चीफनी पुन्हा डोकं खाजवलं. मला त्यांची इतकी दया आली. बोटीवर होते तेव्हा चीफ व्हायचं होतं, झाले. गावी आले तेव्हा गजापेक्षा मोठं व्हायचं होतं, राहिलं. आता साठी उलटल्यावर एक म्हातारा सुपाऱ्या सोलत विचारतोय, नक्की काय पाहिजे ते एका वाक्यात सांग, आणि ह्या जग फिरलेल्या माणसाला ते वाक्य सापडत नाही.

मग चीफ वळले आणि माझ्याकडे बोट केलं. मी दचकून मागं पाहिलं. मागं माड होता.

"ह्या हिंगोलीच्या हातचा," चीफ म्हणाले, "मी चमचो घालूचंय आणि माका बोलूक काय गावाचा नाय. एक पण खोड नाय. त्या दिवशी मी बसान जेवतलंय."

दाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. "म्हंजे तुझा तोंड बंद होवचा?"

"व्हय."

"अरे, मगे ह्याक अख्खो गाव व्हय म्हणतलो!"

आणि म्हटलंच. रविवारी देवळात दाजींनी नवा नारळ उचलून दुरुस्ती सांगितली, तेव्हा "व्हय म्हाराजा" असं उठलं की छपरावरचे कावळे उडाले. गजा सगळ्यांत मोठ्यानं ओरडला.

माझी मात्र झोप उडाली. तोवर माझ्या रश्श्यात चूक झाली तर ती रश्श्याची चूक होती. आता एका माणसाचे गुडघे माझ्या हातावर ठेवले होते. पाणवठ्यावर, मासळीच्या लिलावात, जो भेटेल तो विचारायचा, "काय गो हिंगोली, बसलो काय चीफ?" पोरं जोत्यावर क्रिकेट खेळताना ओरडायची, "आज बसतलो!" वहिनी हळूच म्हणायच्या, "ह्येंका वायंच सर्दी झाली काय मगे कर. चव कळाची नाय." पण देवाला फसवणं मला झेपणारं नव्हतं, आणि चीफनाही. ते चव घ्यायचे, छपराकडे बघायचे, डोळ्यांत अशी आशा की मलाच वाईट वाटावं, आणि मग खाली मान घालून म्हणायचे, "हळद. वायंच." आणि ताट उचलून ओट्याला टेकायचे. एकदा तर नुसतं म्हणाले, "चलात." मी आनंदानं पाट मांडला. ते म्हणाले, "नाय गो. चलात म्हंजे बोलूक गावला, खोड आसा."

असं चाललेलं असताना नवऱ्याला कणकवलीत मोठं काम मिळालं आणि आम्हाला निघावं लागलं. मी चीफना उभंच सोडून चालले होते. सामान टेम्पोत चढत होतं आणि मी स्वयंपाकघरात रडत होते. चीफनी फळीवरून तो पंचवीस जणांचा टोप काढला आणि टेम्पोत चढवला.

"चीफ, हा मला कशाला? आमचं घर चौघांचं."

"लहान टोपात तुका कोणी शिकवूकच नाय," ते म्हणाले. "घाबरतंस कित्याक? मी उभो रवतंय. माका सवय आसा."

कणकवलीत मी कॉलेजच्या रस्त्याला खानावळ काढली. काढली म्हणजे काय, तीन बाक मांडले. पहिल्या दिवशी जेवायला आली चार पोरं, आणि टोपात होतं पंचवीस जणांचं. कमी करायला गेले होते, हात ऐकेना. उरलेलं मी रिक्षा स्टँडवर नेऊन दिलं आणि दुसऱ्या दिवशी ते रिक्षावाले दारात हजर. आजही माझी खानावळ त्याच चुकीवर चालते. लहानपणी मला वाटायचं, शिकले असते तर काहीतरी झाले असते. मग वाटायचं, हिंगोलीला परत जाऊन घर बांधलं की झाले. आता दुपारी टोप रिकामा झाला की मी काय झाले हे विचारायचं विसरून जाते.

मग एका दुपारी, ऐन गर्दीत, दारात रिक्षा थांबली. आधी वहिनी उतरल्या, मग काठी, मग चीफ. मुलीकडे मुंबईला निघाले होते, गुडघ्यांच्या ऑपरेशनला. गाडीला वेळ होता.

"काय केलंस आज?" बाकी काही नाही, हेच.

"बांगड्याचं तिकलं. तिरफळं घालून."

ते सरळ आत. दांड्याचा चमचा हातात. मी भिंतीला टेकले. बाहेर पोरं पोळ्यांसाठी ओरडत होती, ती मला ऐकू येईनात. थेंब तळहातावर. जिभेवर. नजर छपराकडे.

चीफनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. पुन्हा एक थेंब घेतला आणि जसं काही हरवलेलं शोधावं तसं माझ्या सगळ्या स्वयंपाकघरात बघू लागले. शेवटी त्यांना सापडलं.

"ह्या फळयेक कठडो कित्याक?"

"तुमच्याकडं होता म्हणून."

"कणकवलीक लाट येतली?"

मला वाटलं, गेलं. पण ते हसत होते. हसत हसतच ते बाहेर गेले आणि बाकाशी उभे राहिले. वहिनी आधीच बसून जेवत होत्या. त्यांनी मान वर केली, काही विचारलं नाही, नुसत्या जरा सरकल्या. चीफनी बाकाचा काठ धरला आणि वाकले. गुडघे वाजले ते मला वाढायच्या खिडकीतून ऐकू आले. दोन कॉलेजच्या पोरांच्या आणि वहिनींच्या मधे, कोपर अंगाशी घट्ट धरून, ते जेवले. ताट पुढं करून म्हणाले, "आनीक वाढ गो." मी वाढलं. मी बघत होते त्यांच्याकडे, अर्धं तिकलं बाकावर. त्यावरही ते काही बोलले नाहीत.

बसले खरे, पण उठता येईना. त्या दोघा पोरांनी काखेत हात घालून त्यांना रिक्षापर्यंत नेलं. "बघून धरा रे," चीफ त्यांना सांगत होते, "मी आताच बसूक शिकलंय."

रिक्षा सुरू झाली. मी दारात, खरकट्या हातानंच. वळणावर चीफनी अंग बाहेर काढलं, मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि ओरडले, "हिंगोली! तिरफळां वायंच—"

वहिनींनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. पुरा तळवा. त्या तळव्याच्या वरनं त्यांचे दोन डोळे तेवढे दिसत होते, हसणारे, आणि रिक्षा वळली.

तिरफळं जास्त पडली होती की कमी, ते मला आजवर कळलेलं नाही. वहिनींना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "माका काय ठावक? मी सोडूकच नाय हात, ठेसन येयसर." मी रोज तिकलं करताना थेंबभर तळहातावर घेते आणि छपराकडे बघते. रिक्षा वळली त्या दिवशी मात्र मी रस्त्यावर उभी राहून, कुणी ऐकेल ह्याची भीती न वाटता, मोठ्यानं म्हटलं होतं, "व्हय म्हाराजा."